तोकड्या तारेची शेगडी

घाबरू नका मित्रांनो, जवळ या. माझ्यावर हात ठेवलात तरी चालेल. आता मी कुणाला चटका देत नाही. तुमच्या प्रयोगशाळेतल्या या लांब टेबलाच्या टोकाला, काचेच्या नळ्यांच्या शेजारी, मी गार पडून असते. मी एक जुनी विजेची शेगडी आहे. माझ्या मातीच्या तबकडीला मधोमध तडा गेला आहे, एक पाय वाकडा झाला आहे आणि खाचांमधल्या तारेला जागोजागी गाठी आहेत. काल तुमच्यातल्याच एकीने विचारले, "बाई, ही अजून चालते का हो?" तुमच्या विज्ञानाच्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "चालते, म्हणून तर बंद ठेवली आहे."

तुम्हाला ते कोडे वाटले असेल. सांगते. फार जोरात बोलता येत नाही, कारण मी दमले आहे. पण सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही.

माझा जन्म एका लहानशा कारखान्यात झाला. तिथे एक बाई सळईवर चकाकती तार गुंडाळून तिचे लांबच लांब वेटोळे करायची आणि दुसरी बाई ते वेटोळे माझ्या खाचांमध्ये अलगद बसवायची. वेण्या घालताना केस जसे ओढले जाऊ नयेत म्हणून जपतात, तशी ती माझी तार जपायची. मग एका काकांनी मला दोन मापकांना जोडले. एका मापकाचा काटा वीज किती जोराने ढकलते ते दाखवत होता, म्हणजे व्होल्ट. दुसऱ्याचा काटा माझ्यातून किती धारा वाहते ते दाखवत होता, म्हणजे अँपिअर. काकांनी वाचले, "दोनशेवीस व्होल्ट, पाच अँपिअर." दोनशेवीसला पाचाने भागले तर चव्वेचाळीस. माझा रोध चव्वेचाळीस ओहम. विजेला मी तेवढे अडवायचे. दोनशेवीसला पाचाने गुणले तर अकराशे. माझी शक्ती अकराशे वॉट. तेवढी धग मी द्यायची. एक भागाकार आणि एक गुणाकार, एवढ्यात माझी सगळी ओळख मावली. ती एका पत्र्याच्या पट्टीवर ठोकून माझ्या पोटाखाली बसवली गेली. पुढे कितीतरी वर्षे ती पट्टी कुणी उलटून पाहिली नाही.

मला विकत घेतले ते एका पुस्तके बांधणाऱ्याने. त्याला सगळे मालक म्हणत, पण त्याची थोरली बहीण त्याला बाळ म्हणायची. डोक्यावरचे केस गेले, नाकावर चष्मा आला, तरी तो तिचा बाळच होता. तिला घरात सगळे अक्का म्हणत. नवरा गेल्यावर ती भावाकडे आली ती कायमची. खालच्या खोलीत बांधणीचे काम आणि वर घर, असा त्यांचा संसार होता.

मी यायच्या आधी तिथे कोळशाची शेगडी होती. तिच्या धुराने अक्काला खोकल्याची ढास लागायची. एक दिवस मालक मला काखोटीला मारून आले आणि म्हणाले, "अक्का, आता खोकायचं नाही. बटण दाबायचं." अक्काने माझ्याभोवती एक फेरी मारली. मग बटण दाबले. माझी तार हळूहळू लाल होताना पाहून ती लहान मुलीसारखी हसली. "अगंबाई, हिला फुंकावंसुद्धा लागत नाही!"

माझे काम सरस गरम ठेवायचे. सरस म्हणजे पुस्तकाच्या पाठीला लावायचा डिंकासारखा चिकट पदार्थ. तो थेट आचेवर ठेवला तर जळतो आणि जळला की त्याचा चिकटपणाच जातो. म्हणून एका मोठ्या भांड्यात पाणी आणि त्या पाण्यात सरसाचे छोटे भांडे अशी जोडी माझ्या डोक्यावर बसायची. अक्का माझ्या शेजारी पाटावर बसून पुस्तके शिवायची. बोटात सुई ढकलायची पितळेची टोपी, म्हणजे अंगुस्तान, आणि हातात लांब सुई. पाणी कधी घालायचे हे तिने कधी घड्याळात पाहिले नाही. एक पुस्तक शिवून झाले, दोऱ्याला शेवटची गाठ पडली, की पेलाभर पाणी. पुन्हा एक पुस्तक, पुन्हा पेलाभर पाणी. पाणी आटायची आणि शिवण संपायची वेळ अशी जुळून गेली होती, की बोलता बोलता, गाणे गुणगुणता गुणगुणता तिचा हात आपोआप पेल्याकडे जायचा. ते आमचे सुखाचे दिवस होते, मित्रांनो. मी तापायचे, ती शिवायची आणि कुणालाच कुणाकडे वळून पाहावे लागत नव्हते.

मग एकदा सरसाचा एक गोळा माझ्या लाल तारेवर पडला. तार तडकली. मी विझले.

"टाकायची आणि नवी आणायची," अक्का म्हणाली.

"टाकायची कशाला?" मालक म्हणाले. "आपण फाटकं नीट करून देणारी माणसं. आपणच टाकायला लागलो तर गिऱ्हाईक काय म्हणेल?"

त्यांनी तुटलेल्या दोन्ही टोकांचा जळका भाग कापून टाकला, राहिलेली तार ताणली आणि टोकांना एकमेकांत आकडा घालून पिळले. मी पुन्हा पेटले. पेटले ती जरा जास्तच लाल. "बघ! आधीपेक्षा झकास तापते," मालक म्हणाले. खरेच, हाताला कसब होते त्यांच्या. मलाही तेव्हा बरेच वाटले. कुणी आपल्याला टाकून न देता जोडून घेतले, याचे कुणाला बरे वाटणार नाही?

पण एकदा तुटलेली तार पुन्हा तुटते. कधी गाठीपाशी, कधी तिच्या शेजारी. प्रत्येक वेळी थोडे कापायचे, थोडे ताणायचे, पिळून जोडायचे. कापलेले तुकडे केराच्या डब्यात जायचे. मी तोकडी होत गेले आणि जास्त जास्त तापत गेले. गिऱ्हाइके यायची, हात शेकायची आणि म्हणायची, "वा! म्हातारी झाली तरी धग कमी नाही हो हिची!" मालक अभिमानाने माझ्याकडे पाहायचे. ताप चढलेल्या माणसाला 'काय तेज आलंय चेहऱ्यावर' असे कुणी म्हणावे, तसे ते कौतुक होते. मला ओरडून सांगावेसे वाटायचे, की अहो, हे बळ नव्हे. पण शेगडीला फक्त तापता येते.

मधूनच फ्यूज उडायचा. तो बिचारा आपल्या परीने सांगत होता. मालकांनी त्यात जाड तार घालून त्याचेही तोंड बंद केले.

आणि मग सरस जळायला लागला.

पहिल्यांदा जळला तेव्हा अक्काने तो ओतून दिला आणि नवा चढवला. नंतर वारंवार जळू लागला. अक्का शिवत असायची, शेवटची गाठ अजून पडलेली नसायची आणि खोलीभर तो घाणेरडा वास सुटायचा.

"अक्का, अगं सरस जळला!"

"आत्ता तर पाणी घातलं रे मी."

"आत्ता म्हणजे केव्हा? तुझं लक्ष नसतं हल्ली."

"बाळ, पुस्तक व्हायचंय अजून. पुस्तक झाल्यावर घालतेच की."

"मग हात मंदावलेत तुझे. एका पुस्तकाला आता दीड पुस्तकाएवढा वेळ लावतेस."

अक्काने हातांकडे पाहिले. मला ते अजून आठवते. जणू ते हात दुसऱ्या कुणाचे होते आणि तिच्याकडे ठेवायला दिले होते. त्या दिवसापासून ती घाई करू लागली. सुई बोटात शिरायची. ती गुणगुणेनाशी झाली, कारण गाण्यात लक्ष जाईल. गप्पा मारेनाशी झाली. स्वतःशीच पुटपुटायची, "पाणी, पाणी, पाणी बघ." आणि तरी सरस जळायचाच, कारण जाळत होते ती मी. तिच्या कुशीला बसून मीच तिला खोटे पाडत होते. आम्ही दोघी दमलो होतो, पण ती का दमली हे तिला कळत नव्हते आणि मी का दमले हे मला सांगता येत नव्हते.

शेवटी वाचनालयाच्या पुस्तकांचा एक मोठा गठ्ठा परत आला. पाठी सुटल्या होत्या. अर्धवट जळलेला सरस, तो धरणार काय? मालक बराच वेळ त्या सुट्या पाठींवरून अंगठा फिरवत बसले. मग अक्काकडे न पाहताच म्हणाले, "मी थोरलीला निरोप दिलाय. रविवारी येईल ती तुला न्यायला. तिच्याकडेच राहा आता. मोठं घर आहे तिचं."

थोरली म्हणजे मालकांची मुलगी, अक्काची भाची. तिचे घर दूरच्या गावी होते.

"मला घालवतोस होय रे, बाळ?"

"घालवत नाही गं. आराम कर म्हणतोय."

"आराम मागितला होता का मी?"

मालकांनी दाबयंत्राखालची पुस्तके उगीचच पुन्हा आवळली.

अक्काने पत्र्याची ट्रंक काढली. लुगडी घडी करताना ती मध्येच थांबायची. सूनबाई जवळ बसली होती. ही मालकांची सून, शाळेत विज्ञान शिकवायची. तिला अक्का हळूच म्हणाली, "खरंच मला विसरायला होत असेल का गं? माणसाचं डोकं चळत असेल तर ते त्याचं त्याला कळतं का?" सूनबाईने नुसता तिचा हात धरला.

त्याच दुपारी पुन्हा वास सुटला. सूनबाई धावत आली आणि तिने माझी पिन भिंतीतून ओढली. ओढली आणि झटकन सोडली.

"बाबा, ही पिन भाजते हो हाताला!"

"शेगडीची पिन काय गार असते?" मालक म्हणाले.

"तार तापावी, बाबा. पिन का तापेल इतकी?"

तिने फ्यूज उघडून पाहिला. त्यातली जाड तार पाहिली. मग मला उचलून खिडकीपाशी नेले आणि माझ्या गाठींवरून बोट फिरवले. एकेका गाठीवर ती थांबत होती. इतक्या वर्षांत माझ्या गाठींवर कुणी असे बोट ठेवले नव्हते. तिने मला उलटे केले, पोटावरची काजळी पदराने पुसली आणि ती विसरलेली पत्र्याची पट्टी वाचली.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती दोन मापके घेऊन घरी आली. अक्का ट्रंकेवर बसली होती. म्हणाली, "आता काय मोजायचं राहिलंय गं? मोजायचाच तर माझा रक्तदाब मोज."

"तुमचंच मोजतेय, आत्या. जरा बसा इथे."

तिने अँपिअरचे मापक विजेच्या वाटेतच जोडले, म्हणजे माझ्याकडे येणारी सगळी धारा त्याच्यातून यावी. व्होल्टचे मापक माझ्या दोन टोकांना लावले. मालक हाताची घडी घालून उभे होते. बटण दाबायच्या आधी सूनबाईने भिंतीतल्या विजेचे व्होल्ट पाहिले होते, ते दोनशेवीस होते. बटण दाबल्यावर, मी लाल झाल्यावर, माझ्या टोकांवर दोनशेदहाच उरले. आणि धारेचा काटा पाच ओलांडून पुढे गेला, साडेसातावर थांबला.

तिने पुठ्ठ्याच्या कातरणावर पेन्सिलीने मांडले. दोनशेदहा भागिले साडेसात. अठ्ठावीस. "बाबा, हिचा रोध चव्वेचाळीस ओहम होता, आता अठ्ठावीस राहिलाय. तिसऱ्या हिश्शाहून जास्त तार आपण कापून टाकलीय." मग गुणाकार. दोनशेदहा गुणिले साडेसात. "एक हजार पाचशे पंच्याहत्तर वॉट. अकराशेची शेगडी आता जवळजवळ दीडपट तापतेय."

"काहीतरीच," मालक म्हणाले. "अगं, तार कमी झाली तर धग कमी होईल. कापड कमी झालं तर सदरा लहानच होतो ना?"

सूनबाई अक्काकडे वळली. "आत्या, जाड पुस्तकाच्या बऱ्याच भोकांतून दोरा ओढायचा असला तर कसा येतो?"

"जड येतो. अडत अडत येतो."

"आणि भोकं थोडीच असली, पण हात तेवढ्याच जोराने ओढत राहिला तर?"

"सरसर जातो की," अक्का म्हणाली. मग तिने आपले बोट पाहिले. "आणि सरसर गेला की बोट भाजतं."

"झालं. रोध कमी, म्हणून धारा जास्त. धारा जास्त, म्हणून आच जास्त. आणि ती आच सोसायला तार उरलीय थोडीशी. एकेका वेढ्यावर पूर्वीच्या दुपटीहून जास्त भार आलाय. म्हणून ती सारखी तुटते, आपण आणखी कापतो आणि ती आणखी तापते."

"आणि ते मधले दहा व्होल्ट गेले कुठे?" मालकांनी विचारले. आवाज खाली आला होता.

"भिंतीतल्या तारांनी खाल्ले, बाबा. दहा गुणिले साडेसात, पंचाहत्तर वॉट. भिंतीच्या आत एक दिवा पेटून राहिल्यासारखं आहे ते. आणि भिंतीला टेकून आपण कागदाचे गठ्ठे रचलेत." तिने पिन काढली. काटे शून्यावर आले.

अक्काचे लक्ष मात्र तिथे नव्हतेच. ती दुसराच हिशेब करत होती. "सूनबाई," ती सावकाश म्हणाली, "आच दीडपट झाली, तर पाणीसुद्धा..."

"तेवढंच लवकर आटणार, आत्या. तुमचं पुस्तक व्हायच्या आधी."

अक्का ट्रंकेवरून उठली नाही. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे पाहत राहिली. "मंदावलेत गं थोडे," ती म्हणाली. "नाही म्हणणार नाही मी. पण इतके नाही. मला आतून वाटत होतं, इतके नाही."

मालकांनी मला उचलले. मी अजून पुरती गार झाले नव्हते, पण त्यांना त्याचे भान नव्हते. जुने पुस्तक पुन्हा बांधताना त्याच्या कडा थोड्या कापाव्या लागतात, हे त्यांच्याइतके कोण जाणणार? प्रत्येक बांधणीत समास अरुंद होतो आणि एक दिवस कात्री अक्षरांना लागते. अशी पुस्तके ते गिऱ्हाइकाला परत करत आणि सांगत, की आता ह्याला हात लावू नका. माझ्या गाठींकडे पाहत ते एवढेच म्हणाले, "हिचा समास कधीच संपला होता गं." आणि मला वरच्या फळीवर ठेवून दिले. त्याच संध्याकाळी त्यांनी फ्यूजमधली जाड तार काढली आणि गठ्ठे भिंतीपासून दूर सरकवले. अक्काला मात्र ते काहीच बोलले नाहीत. ते घसा खाकरायचे, ती मान वर करायची. ते पुन्हा कामाला लागायचे, ती पुन्हा मान खाली घालायची.

रविवारी थोरली आली. तिला सगळे कळले तेव्हा ती म्हणाली, "मग नको येऊस, अक्काआत्या. राहा इथेच." पण अक्काने ट्रंक सोडली नाही. तिने त्यातली निम्मी लुगडी काढून पुन्हा कपाटात ठेवली. "चार दिवस येते तुझ्याकडे. दमलेय मी, ते खरंच आहे. पण घालवली म्हणून नाही, माझी मी येते." जाताना तिने बोटातले अंगुस्तान काढून पाटाशेजारी ठेवले. "हे इथेच राहू दे. कुणी हलवू नका."

ती गेल्यावर नवी शेगडी आली, भिंतीतल्या तारा बदलल्या. पाटावर मालक स्वतः बसले. मी फळीवरून पाहत होते. शिवायचे, पाण्याकडे पाहायचे, गिऱ्हाइकाशी बोलायचे, त्यांची नुसती तारांबळ उडत होती. अक्का परत आली त्या सकाळी ते एका गिऱ्हाइकाशी रंगात येऊन बोलत होते. पाणी आटले. नवी कोरी शेगडी, अगदी मापातली, तरी वास सुटला. अक्का तेव्हा दारातच होती. तिने पायरीवरूनच नाक मुरडले.

मालक खजील होऊन उभे राहिले. हातात जळके भांडे, चष्मा वाफेने पांढरा झालेला. त्यांनी पुन्हा घसा खाकरला. या वेळी मात्र शब्द बाहेर आले.

"जळला गं, अक्का. माझं लक्ष नव्हतं." आणि मग जरा थांबून, "माझंच नव्हतं. तेव्हाही."

अक्काने ट्रंक खाली ठेवली, पाटावर बसली, अंगुस्तान बोटात घातले. "पेला कुठे ठेवलास, बाळ?" ती म्हणाली. ती आता सकाळचेच बसते. दुपारी झोपते. थोडी मंद शिवते आणि शिवताना पुन्हा गुणगुणते, असे तुमच्या बाई मला सांगतात. कारण मला फळीवरून काढून या शाळेत आणले, ते त्याच सूनबाईंनी.

मित्रांनो, तुम्ही या टेबलावर रोज भागाकार आणि गुणाकार कराल. व्होल्टला अँपिअरने भागाल, गुणाल, उत्तर बरोबर आले की वही मिटाल. मला एवढेच म्हणायचे आहे, की तुटलेले जोडाल तेव्हा जोडताना काय कापले गेले ते विसरू नका. एखादे जुने यंत्र किंवा जुने माणूस पूर्वीपेक्षा जास्त राबताना दिसले, तर नुसते कौतुक करून पुढे जाऊ नका. त्याला उलटून त्याची पट्टी वाचा. ते कितीसाठी घडले होते आणि आता किती सोसते आहे, ते मोजून पाहा. कुणाच्या हातांना मंद म्हणायच्या आधी मोजा. आणि मोजून झाल्यावर चूक आपलीच निघाली, तर आकड्यावर थांबू नका. जिच्यावर बोट रोखले होते तिच्याकडे जा आणि तिला तसे सांगा. ती वाट पाहत असते. घसा नुसता खाकरला तरी मान वर करून पाहते.

आता मला जरा गार पडून राहू द्या.